चौथा चिंचोका

भाचीचे एक्स-रे घरी आले तो रविवार होता आणि मी चौथीच्या वह्या तपासत बसले होते. आणणारा गृहस्थ सिन्नरकडचा. मस्कतला माझ्या भावाच्याच कंपनीत कामाला होता आणि महिन्याच्या सुट्टीवर आला होता. त्याने एक भलामोठा खाकी लखोटा वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला, त्याच्यावर एक कॅसेट ठेवली. चहा नको म्हणाला. दारात चपला घालताना मात्र वळला.

"ताई, दहा-बारा दिसांत कळवा म्हणलाय तो. तिकडं ऑपरेशनची तारीख दिली हाय."

ऑपरेशन हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तोपर्यंतच्या पत्रांत नुसता खोकला होता.

माझा भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, म्हणून त्याची वेणीफणी सोडून बाकी सगळं मीच केलं. तो ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होता, तिथून मस्कतला गेला, वर्षभराने बायकोला आणि मुलीला घेऊन गेला. नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीतून आखातात गेलेला तो पहिलाच. मी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका, लग्न केलेलं नाही, घरात मी आणि रिटायर झालेले बाबा. लोक बाबांना विचारायचे, पोरगा काय म्हणतो? बाबा सांगायचे, सुखात आहे. तेवढ्यावर आमचे दिवस चालले होते.

लखोट्यात पाच एक्स-रे, इंग्रजीत टाइप केलेले कागद आणि भावाचं पत्र निघालं. पत्र तोंडपाठ व्हावं इतक्या वेळा वाचलं. मुलीला ऑगस्टपासून तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला होता. आधी दमा म्हणाले, मग क्षय म्हणून औषधं दिली, आता म्हणतात उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग सडत चाललाय, तो कापून काढायचा. चार वर्षांची पोर. घेऊन येतो म्हटलं तर पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आणि रजा दोन वर्षांतून एकदाच, ती मे महिन्यात संपलेली. शेवटी लिहिलं होतं, "ताई, इथं आपलं कोणी नाही. नाशिकला चांगल्या डॉक्टरांना दाखव आणि त्यांचं मत घे. ऑपरेशन करू की नको, तू म्हणशील ते करीन."

तू म्हणशील ते करीन! लहानपणापासून तो हेच म्हणत आला होता आणि मला ते आवडायचं. त्या रविवारी पहिल्यांदा त्याचा राग आला.

तेव्हा फोन परवडायचे नाहीत, म्हणून आखातातली मंडळी कॅसेट भरून पाठवायची. घरातले सगळे आळीपाळीने बोलायचे, मागे भांडी वाजायची, कोणीतरी दारावर यायचं. भावाने आणून दिलेल्या टू-इन-वनवर बाबांनी आणि मी ती कॅसेट लावली. आधी भावजय बोलली. मग तिने मुलीला पुढे केलं. "आत्याला पाढा म्हणून दाखव."

पाढा मीच शिकवला होता, मे महिन्यात. "बे एकं बे," भाची म्हणाली. मग श्वास घेतला. "बे दुणे चार." परत श्वास. त्या श्वासाला एक बारीक शिट्टी होती. "बे त्रिक" म्हटलं आणि खोकल्याची जी उबळ आली ती थांबेचना. भावजयीचा हात माइकवर आपटल्याचा आवाज आला आणि टेप बंद झाली. बाबा उठून अंगणात गेले. मी तिथेच बसून राहिले. त्या शिट्टीकडे माझं लक्ष जात होतं आणि मी ते जाऊ देत नव्हते.

सोमवारी अर्धी रजा टाकून नाशिकात शालिमार चौकात मुलांच्या डॉक्टरांकडे गेले. दोन तासांनी नंबर लागला.

"पेशंट कुठंय?"

"मस्कतला."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सुई घ्यायला आले आणि हात घरी विसरले. "बाई, मी फोटो तपासत नाही, मूल तपासतो. घेऊन या." पासपोर्टचं सांगायला लागले तर त्यांनी घंटी वाजवून पुढच्याला बोलावलं. आत आलेल्या बाईच्या कडेवर लेकरू होतं, आणि ते रडत होतं म्हणून मला त्याच्या आईचा हेवा वाटला.

बुधवारी कॉलेज रोडच्या एका सर्जनकडे. हे मोठं प्रस्थ. त्यांनी भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीत एकेक फिल्म अडकवली, दोन मिनिटं बघितलं. "बरोबर आहे त्यांचं. तिकडे साधनं चांगली आहेत, करून घ्या. उशीर नका करू."

खरं सांगते, जिना उतरताना मला हलकं वाटलं. पोरीची छाती फाडणार हे नक्की झालं आणि तिच्या आत्याला हलकं वाटलं, कारण दोन देशांचे डॉक्टर मिळून सांगत होते की हा रोग आहे. रोग कोणालाही होतो, त्यात कोणाचा दोष नसतो. त्या हलकेपणाची मला आजही शिसारी येते.

तो फार टिकला नाही. त्या संध्याकाळी शब्दकोश घेऊन इंग्रजी कागद वाचायला बसले. म्हटलं, निदान ऑपरेशनचं नीट समजून लिहू. दुसऱ्या पानावर आई-वडिलांना विचारलेले प्रश्न होते. घरात कोणाला क्षय आहे का, नाही. जन्म वेळेवर झाला का, हो. त्याच्याखाली एक ओळ होती: मुलाच्या घशात काही अडकल्याचं, ठसका लागून जीव घुसमटल्याचं कधी घडलं आहे काय? पुढे उत्तर होतं, नाही. त्या नाहीखाली कोणीतरी पेनाने रेघ मारली होती. शब्दकोश लागला नाही. ती ओळ मला एका दमात कळली.

आता मे महिन्याचं सांगायला हवं.

भावजय विंचूरची. तिचे वडील कांद्याच्या मार्केटात हमाल. सातवी शिकलेली, "लय" आणि "नाय" बोलणारी मुलगी. मी तिला घरात आल्या दिवसापासून शुद्ध बोलायला शिकवत होते, आणि ती निमूट शिकत होती. मस्कतहून आली ती मात्र भलतंच शिकून. पाणी उकळून, हात साबणाने धुऊन, मुलीच्या हाताला लागेल असं बारीकसारीक काही ठेवायचं नाही. तिच्या शेजारी एक केरळी नर्स राहायची, तिने सांगितलेलं सगळं वेदवाक्य. मी तिची टर उडवायचे. "आली बाई फॉरेनची पाहुणी, पाणी उकळा," म्हणायचे. वसाहतीतल्या बायका हसायच्या, तीही हसायची.

एक दिवस ती आईला भेटायला विंचूरला गेली आणि साडेतीन वर्षांच्या मुलीला माझ्याकडे ठेवून गेली. जाताना म्हणाली, "ताई, तिला बारकं काय देऊ नका बरं. तोंडात घालती ती."

"मी दिवसाला पन्नास पोरं सांभाळते," मी म्हणाले.

आणि तिची पाठ वळताच, मुद्दाम म्हणा की, मी चिंचोके काढले. उन्हाळ्याच्या दुपारी आमच्याकडे चल्लस खेळायची रीत. फरशीवर खडूने पंचवीस घरं आखायची, दोन चिंचोके मधोमध फोडायचे की चार अर्धे होतात. एक बाजू पांढरी, एक तपकिरी. ते चार उडवायचे, जितके पांढरे पडतील तितकी घरं चालायची. उरलेले चिंचोके मी तव्यावर भाजून घेतले होते आणि खेळताना एकेक तोंडात टाकून कुडुम कुडुम चावत होते. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. चारही पांढरे पडले, मी ओरडले "चल्लस!" आणि घरं मोजायला खाली वाकले. ती टाळ्या पिटत, उड्या मारत हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज बंद झाला.

तोंड उघडं, डोळे मोठे, आवाज नाही. ओठ निळे पडायला लागले. मी तिला उलटी धरून पाठीत धपाटे घातले, बोट घशात घातलं, काही हाताला लागलं नाही. किती वेळ गेला ते कळलं नाही. मग एकदम ती खोकली, ठसका लागला, रडली. रडली म्हणजे श्वास आहे. मी पाणी पाजलं, मांडीवर घेतलं, गूळ दिला. अर्ध्या तासाने ती मांजरीमागे पळत होती.

मी फरशीवरचे चिंचोके गोळा केले तर अर्धे तीनच होते. कपाटाखाली झाडू घातला. गोधडी झटकली. मग स्वतःला सांगितलं, गिळला असेल, उद्या पडून जाईल. बाबा तेव्हा पोस्टात गेले होते. खडूची घरं मी ओल्या फडक्याने पुसून टाकली.

संध्याकाळी भावजय आली. मुलीचे डोळे रडून सुजलेले होते. "काय झालं ओ ताई? रडली का लय?"

"काही नाही. छान खेळली," मी म्हणाले. वर हेही म्हणाले, "आणि लय नाही, खूप."

त्यानंतर चार दिवसांनी ते मस्कतला गेले. ऑगस्टमध्ये खोकल्याचं पहिलं पत्र आलं तेव्हा मला ते तीन अर्धे आठवले होते. मी उत्तर लिहिलं, तिकडच्या एसीने होत असेल, हळद-दूध द्या. प्रत्येक पत्राला मी असलंच काहीतरी लिहीत गेले, आणि लिहिता लिहिता मलाही ते खरं वाटायला लागलं.

त्या कागदावरची ओळ वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी काहीच केलं नाही. शाळेत गेले, फळ्यावर लिहिलं, पुसलं. कोणालाही सांगितलं नाही. बाबांनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? मी म्हणाले, अजून एकाला दाखवायचंय. मनात आशा ही होती की अजून एकजण म्हणेल, हा रोगच आहे, आणि मग सुटले. तारखेला आठ दिवस उरले होते.

तो अजून एकजण बाबांच्याच ओळखीतून निघाला. पौर्णिमेला ते विहारात गेले होते, तिथे कोणीतरी सांगितलं की पंचवटीत एक म्हातारे छातीचे डॉक्टर आहेत, क्षयाच्या इस्पितळात जन्म काढलेले, आता घरीच दोन खोल्यांत बघतात. शुक्रवारी गेले. भाजीबाजारामागच्या बोळात, लाकडी जिना चढून वर. त्यांच्याकडे दिव्याची पेटी नव्हती. त्यांनी पाचही फिल्म खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीने ओळीने लावल्या, खुर्ची ओढली आणि पेपर वाचावा तसे त्यासमोर बसून राहिले.

"दर वेळी तीच जागा," ते म्हणाले. "मधे बरी होते आणि परत तिथेच. मुलीची छाती ऐकता आली असती तर बरं झालं असतं."

"तिचा आवाज आहे माझ्याकडे," मी म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली.

"आणा."

दुसऱ्या दिवशी टू-इन-वन पिशवीत घालून, सिटी बसमध्ये मांडीवर घेऊन गेले. त्यांनी डोळे मिटून कान स्पीकरला लावला. बे एकं बे. परत मागे. बे एकं बे. तीनदा लावलं. तिसऱ्यांदा मला वाटलं आता मी किंचाळेन.

"ही शिट्टी आहे ना, मला शंका येतेय आत काहीतरी अडकलंय. शेंगदाणा म्हणा, बी म्हणा, असलं एक्स-रेत दिसत नाही. कापण्याआधी दुर्बीण घालून काढता येतं." ते कागद चाळायला लागले. "पण इथे लिहिलंय, तसं काही घडलं नाही."

मी टेपमधून कॅसेट काढायला लागले.

"आई-बापांनी सांगितलेलं लिहितात. मूल आणखी कोणाकडे होतं का कधी?"

"माझ्याकडे. एक दिवस."

"मग?"

बाहेर दोन पेशंट बाकावर बसलेले दिसत होते. डॉक्टरांचा चष्मा नाकावर घसरला होता आणि ते त्याच्यावरून बघत होते. मी वर्गात मुलांना शंभरदा विचारलं असेल, शाई कोणी सांडली? तेव्हा मुलं कुठे बघतात ते मला माहीत होतं. मी तिथेच बघत होते, स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे.

"काही झालं नाही," मी म्हणाले.

त्यांनी उठून स्वतःच एकेक फिल्म काचेवरून काढली, लखोट्यात घातली. "मग माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. नुसत्या शंकेवर मी इथून त्यांना अडवू शकत नाही. ऑपरेशन करू द्या."

जिना उतरले. भाजीबाजारातून वाट काढत गोदावरीच्या घाटावर आले आणि पायरीवर बसले. मांडीवर टेप, टेपवर लखोटा. म्हटलं, आता पत्राचा मजकूर मनात जुळवू, घरी जाऊन नुसता उतरवायचा. चिरंजीवास अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. तीन डॉक्टरांना दाखवलं. तिन्ही डॉक्टरांचं मत असं पडलं की. त्याच्यापुढे वाक्य जाईना. मी पंधरा वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवत होते, आणि मला एक वाक्य पूर्ण करता येईना. तू म्हणशील ते करीन. तो करणार होता. मी लिहिलं की तो सही करणार होता, आणि त्या टेबलावर तिला झोपवणार होते. तिला कापल्यावर आत चिंचोका सापडला असता. सापडला नसता तर मी तो आयुष्यभर पोटात ठेवून जगले असते, आणि सगळ्यात भयंकर हे की जगू शकले असते. हे कळलं तेव्हा टेप आणि लखोटा उचलून उठले.

धावत डॉक्टरांकडे परत गेले. आत एक म्हातारा पेशंट शर्ट काढून बसला होता, डॉक्टरांची नळी त्याच्या पाठीवर होती. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. चिंचोका, चल्लस, निळे ओठ, तीन अर्धे. म्हाताऱ्याने शर्ट छातीशी धरला होता आणि तो माझ्याकडे टकामका बघत होता. बाकावरचे दोघेही ऐकत होते.

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेन काढलं. "कोणता महिना? किती वेळ निळी होती? नंतर आवाज बदलला होता का?" अर्धं पान इंग्रजीत लिहिलं, सही केली. "पत्र वेळेत पोचणार नाही. फोन करा. आणि आईला सांगा. आई डॉक्टरला सोडणार नाही."

तशीच टांगा करून तार ऑफिस गाठलं. मस्कतचा कॉल बुक केला, त्या केरळी नर्सच्या घरचा नंबर होता, ती भावजयीला बोलावून द्यायची. दोन तास बाकावर बसले. शनिवार, गर्दी. कोणी सैन्यातल्या मुलाला, कोणी मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन लावायला आलेलं. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना माहीत आहे, काचेच्या त्या खोक्याचं दार लावून काही उपयोग नसायचा. परदेशी फोनवर जिवाच्या आकांताने ओरडावं लागायचं आणि आख्खं ऑफिस तुमचं घर ऐकायचं. माझ्या नावाचा पुकारा झाला तेव्हा मी उठले आणि परत बसले. ऑपरेटर ओरडला, "बाई, मस्कत! वेळ चाललाय!"

"हॅलो? ताई?" भावजयीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. "काय म्हणले डॉक्टर?"

मी ठरवून आले होते, आधी असं, मग तसं, मग हळूहळू. ओरडून हळूहळू सांगता येत नाही. "तू विंचूरला गेली होतीस ना, तेव्हा तिच्या घशात चिंचोका अडकला होता! मी तुला सांगितलं नाही!"

"काय? नाय ऐकू येत! परत बोला!"

"चिंचोका अडकला होता! ती निळी पडली होती!"

"हॅलो? ताई, काय अडकलं?"

तारा मोजणारा कारकून हात थांबवून बसला होता. मी काचेला डोकं टेकवलं आणि ओरडले, "चिंचोका! माझ्यामुळे! मी खोटं बोलले!"

मग तिकडून काहीच नाही. मला वाटलं लाइन गेली. पण तिचा श्वास ऐकू येत होता.

"चार होते न?" ती म्हणाली. आता ती ओरडत नव्हती आणि तरी ऐकू आलं. "तुम्ही चल्लस खेळला असाल. किती घावले?"

"तीन."

"बरं. ठिवते. दवाखान्यात जाते."

डॉक्टरांनी लिहिलेला कागद मी हातात तसाच धरून होते. तो वाचून दाखवायचा राहिला, आणि त्याची गरजही पडली नाही. बाहेर आले तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने सरकून मला बाकावर जागा दिली आणि पाण्याची बाटली पुढे केली. घरी गेल्यावर बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मला तरी सांगायचं होतंस." त्या रात्रीपासून आठवडाभर ते माझ्याशी जेवणापुरतं बोलले.

पाचव्या दिवशी तार आली. इंग्रजी अक्षरांत चिंचोका असा शब्द होता, तार आणणाऱ्याने तो मला दोनदा वाचून दाखवला, आणि पुढे, निघाला, मुलगी ठीक. मी दार लावून घेतलं आणि रडले. ऑपरेशन टळलं. पण आठ महिने तो तिथे होता, त्याने तेवढ्या जागेची माती केलीच होती. फुप्फुसाचा एक कोपरा कायमचा गेला. दोन महिन्यांत काढला असता तर काही राहिलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरांनी भावाला सांगितलं, आणि भावाने मला तसंच लिहिलं, एक शब्द कमी-जास्त न करता. मला वाटतं ते सोडून त्याने मला दुसरी शिक्षा दिली नाही. आता ती पस्तिशी ओलांडलेली बाई आहे. दर थंडीत खोकते. फोनवर खोकला आला की म्हणते, "आत्या, काही नाही गं, नेहमीचंच." नेहमीचं म्हणजे माझं.

मार्चमध्ये भावजयीची कॅसेट आली. मी ती एकटीने ऐकली. हवापाणी, शेजारीण, मुलीचं वजन वाढलं वगैरे झालं. मग टेप फिरत राहिली, नुसती सरसर. मग ती बोलली.

"ताई, तुम्हाला एक सांगायचं हाय. डॉक्टरनं मला तीनदा इचारलं होतं, काय अडकलं होतं का म्हणून. तिसऱ्यांदा तर तो चिडला. मी तीन बारी नाय म्हणले. म्हणलं, पोरगी माझ्या नजरेआड एकच दिवस होती, ते बी तिच्या आत्याकडं. आत्या मास्तरीण हाय. काय झालं असतं तर तिनं मला सांगितलं असतं."

त्यापुढे काही नव्हतं.

माझ्या नाहीखाली ती पेनाची रेघ का होती, ते मला तेव्हा कळलं. ते नाही माझं होतं. तिने ते माझ्या भरवशावर तीनदा सांगितलं होतं, परक्या देशात, परक्या भाषेत, चिडलेल्या डॉक्टरसमोर. जिच्या बोलण्यातल्या चुका मी काढत होते, तिने माझ्या एका शब्दावर पोरीची छाती ठेवली होती.

पुढच्या रजेला ते आले. भाची आता साडेपाच वर्षांची, बारीक, बोलकी. एका सकाळी भावजय पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "ताई, विंचूरला जाऊन येते. हिला ठिवते तुमच्यापाशी."

"घेऊन जा तिला," मी म्हणाले. "मला नाही जमायचं."

"राहू द्या की. तिला तुमच्याकडंच राह्यचंय." आणि गेली. यावेळी, बारकं काही देऊ नका, असं ती म्हणाली नाही.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. खेळ नाही, खाऊ नाही, ती झोपली तर नाकापुढे हात धरून बसले. भाची कंटाळून गेली.

संध्याकाळी भावजय आली, उंबऱ्यात चपला काढत होती. तिने काही विचारायच्या आधीच मी सुरू केलं. अकरा वाजता एक वाटी वरणभात खाल्ला, थोडा सांडला. अंगणात पडली, डावा गुडघा खरचटला, मी हळद लावली. दोनदा शिंकली. दुपारी तू कधी येणार म्हणून रडली, पाच मिनिटं. पाणी पिताना एकदा ठसका लागला, लगेच थांबला. केळं अर्धंच खाल्लं.

"ताई," ती म्हणाली, "एवढं नका सांगू. बरी हाय ती, दिसती मला."

"थांब," मी म्हणाले. "अजून आहे."

ती एक चप्पल पायात तशीच ठेवून उंबऱ्यावर बसली, आणि मी सगळं सांगेपर्यंत उठली नाही.